५३ वर्षांनी अप्पांचं आडनाव जागेवर आलं : काउंटीच्या व्हेटरन्स ऑफिसचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार कापलाय तो फोनसाठी, त्याचं पुढे लिहिते.

आधीच सांगते, मोठं होणारे हे. इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरांमध्ये सुद्धा इथल्या सैन्यात नोकरी केलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर नाव चुकलेलं असेल तर नेमकं कुठे जायचं, काय भरायचं हे मला मराठीत कुठेच मिळालं नाही. आम्हाला सगळं ठेचा खात कळलं. ज्या ऑफिसने हे काम करून दिलं ते आहे काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिस, माजी सैनिकांना मदत करणारं, सरकारी आहे, पूर्ण फुकट आहे, आणि बहुतेक राज्यांत काउंटीपातळीवर असं ऑफिस असतं. आमच्या काउंटीचं नाव देत नाहीये कारण तुम्हाला तुमच्याच काउंटीत जायचंय.

तर माझे सासरे, अप्पा. १९६७ ला मास्टर्स करायला इथे आले, मग ग्रीन कार्ड झालं, आणि ग्रीन कार्ड झालं म्हणजे ड्राफ्ट पण लागू झाला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्या काळी सक्तीच्या भरतीसाठी सिटिझन असायची अट नव्हती. १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांची लॉटरी काढली होती, १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या मुलांसाठी, त्यात अप्पांच्या तारखेला लहान नंबर लागला आणि १९७० ला बोलावणं आलं. व्हिएतनामला नाही गेले, जर्मनीत सप्लायच्या युनिटला दोन वर्षं होते, १९७२ ला सुटले आणि त्या नोकरीच्या जोरावर लगेच नागरिकत्व मिळालं.

आता नाव कसं चुकलं ते बघा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर, एसएससीच्या सर्टिफिकेटवर नाव कसं असतं? आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी वडिलांचं. अप्पांनी भरतीच्या वेळी फॉर्मवर तसंच्या तसं लिहिलं, हाताला सवयच ती. आणि तिथल्या क्लार्कच्या हिशोबाने शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. झालं. सैन्याच्या सगळ्या कागदांवर अप्पांचं आडनाव म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव लागलं, पहिलं नाव म्हणून आमचं आडनाव, आणि स्वतःचं नाव मध्ये कुठेतरी. इथल्या युनिफॉर्मवर छातीवर आडनावाची पट्टी असते, म्हणजे दोन वर्षं अप्पांच्या छातीवर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव होतं, आणि सार्जंट हाक मारायचा ती पण त्याच नावाने. अप्पांनी तेव्हा एकदा सांगून बघितलं होतं, पण युनिटमध्ये कुणी मनावर घेतलं नाही, आणि मग यांनीही सोडून दिलं. का, तर ते गेल्या वर्षी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "अगं, माझे वडील कधी गावाबाहेर फारसे पडले नाहीत. तिकडे थंडीत परेडला उभा असताना त्यांचं नाव ऐकू यायचं ना, तर बरं वाटायचं." आम्ही सगळे गप्प झालो ते ऐकून.

सुटताना जो कागद मिळतो तो डीडी २१४. १९५० पासून हाच फॉर्म आहे, सैन्यातून सुटलेल्या माणसाचं सगळं त्यावर चालतं, व्हीएचा म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचा दवाखाना, घराचं कर्ज, सरकारी दफनभूमीतली जागा, सगळीकडे पहिल्यांदा हाच मागतात. अप्पांचा २१४ पन्नास वर्षं कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होता, कारण त्यांना कधी काही मागायचंच नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत कान फार गेले. दोन वर्षं जनरेटरच्या शेजारी ड्युटी होती त्यांची. कुणीतरी म्हणालं की व्हीएकडून कानाची मशीन मिळू शकेल, तर आम्ही नाव नोंदवायला गेलो, आणि काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून सांगितलं की सोशल सिक्युरिटी नंबर जुळतोय पण हे नाव तुमचं नाही, आधी रेकॉर्ड दुरुस्त करून आणा. अप्पांना नीट ऐकू आलं नाही, मला परत विचारलं काय म्हणाल्या, आणि मला ते मोठ्याने सांगावं लागलं, "त्या म्हणतायत हे तुम्ही नाही." मला त्या दिवशी फार लागलं ते.

पुढचे चार महिने आम्ही वाया घालवले. एका वेबसाइटला पैसे भरले, ८९ डॉलर, त्यांनी फक्त २१४ ची कॉपी मागवून देतो म्हणाले आणि शेवटी जो फॉर्म भरून पाठवला तो सरकारी साइटवर फुकट आहे. हे ठळक लिहून ठेवा, स्वतःचे सैन्यातले कागद मागवायला व्हेटरनला सरकार सहसा एक पैसा घेत नाही. मग एका ओळखीच्यांनी छातीठोकपणे सांगितलं की डीडी २९३ भरा. तो नावासाठी नसतोच, तो डिस्चार्ज कुठल्या प्रकारचा आहे, सन्मानाने की कसा, ते बदलून घेण्यासाठी असतो. मग मी स्वतःच एसएफ १८०, म्हणजे सैन्यातले कागद मागवायचा फॉर्म, भरला, खाली सही माझी केली कारण सगळं मीच भरत होते, आणि तो परत आला. नियम असा की माणूस हयात असेल तर सही त्याचीच लागते, आणि गेला असेल तर जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा बायको ज्यांनी परत लग्न केलेलं नाही, आई वडील, मुलगा मुलगी, भाऊ बहीण. सून त्यात नाही. घरात सगळं सून करत असली तरी त्या यादीत सून नाही.

शेवटी लायब्ररीत एक पत्रक दिसलं आणि या ऑफिसचा पत्ता लागला.

ऑफिस म्हणजे काउंटीच्या बिल्डिंगमध्ये मागच्या बाजूला एक खोली, दोन टेबलं, बस. आठवड्यात तीन दिवस उघडं. फोन कायम व्हॉइसमेलला जातो आणि उलटा फोन यायला आम्हाला एकदा अकरा दिवस लागले, म्हणून तो एक स्टार. ऐंशीच्या घरातली माणसं जिथे फोन करतात तिथे फोन उचलायला माणूस हवा, याबाबतीत मी काही सूट द्यायला तयार नाही. सरळ जाऊन बसा, तेच बरं पडतं.

पण आत गेल्यावर जे काम बघितलं ते मी कुठल्याही पैसे घेणाऱ्या वकिलाकडे बघितलेलं नाही. तिथले ऑफिसर स्वतः नेव्हीतले. त्यांनी पहिल्यांदा मला नाही, अप्पांना खुर्ची दिली, समोर वाकून बसले म्हणजे अप्पांना ओठ दिसतील, आणि हळू बोलले. मग २१४ टेबलावर ठेवला, एक स्टीलची फूटपट्टी घेतली आणि एक एक रकाना वरून खाली असे पट्टी सरकवत वाचत गेले. कार्बनची कॉपी, अक्षरं पुसट झालेली, घडीवर तर फाटायलाच आलेली. नावाच्या रकान्यावर ते थांबलेच नाहीत फार. शेवटी खाली आले, जिथे सुटणाऱ्या माणसाची सही असते तिथे, भिंग लावलं, आणि अप्पांना म्हणाले ही सही तुमचीच का. अप्पांनी १९७२ ला सही केली होती ती नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अगदी बरोबर क्रमाने. त्याच कागदावर वर टाइप केलेलं नाव चूक आणि खाली हाताने केलेली सही बरोबर. पन्नास वर्षं तो कागद घरात होता, आमच्यापैकी कुणाच्या डोळ्याला ते दिसलं नव्हतं. ते म्हणाले, हा तुमचा पहिला साक्षीदार.

मग त्यांनी जे समजावलं तो खरा मुद्दा आहे, आणि कुणी मला हे आधी सांगितलं असतं तर आमचे चार महिने वाचले असते. नाव बदलणं आणि नाव चुकणं या सैन्याच्या लेखी दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. सुटल्यानंतर लग्न झालं, घटस्फोट झाला, कोर्टातून नाव बदललं, तर साधारणपणे २१४ बदलत नाहीत, कारण त्यांचं म्हणणं की हा कागद त्या दिवशी जे होतं ते दाखवतो. अशा वेळी २१४ च्या सोबत मॅरेज सर्टिफिकेट किंवा कोर्टाची ऑर्डर जोडायची आणि दोन्ही दाखवायचे, भांडत बसायचं नाही. आपल्याकडच्या मुलींनी हे लक्षात ठेवा, लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललं असेल तर तीनातले दोन शब्द वेगळे दिसतात, सर्टिफिकेट कायम सोबत लागणार. पण नाव त्या दिवशीच चुकीचं लिहिलं गेलं असेल आणि तसं दाखवता आलं, तर दुरुस्ती मागता येते.

आणि हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की अप्पांची केस सोपी नाही, कारण दोन वर्षं सगळे कागद त्या चुकीच्याच नावाने आहेत आणि रेकॉर्डमधल्या चुकांचे अर्ज बघणारं आर्मीचं बोर्ड अशा वेळी बऱ्याचदा म्हणतं की तुम्ही या नावाने नोकरी केलीत, इतिहास म्हणून रेकॉर्ड आहे तसंच राहू दे. मग निदान त्या निकालाची प्रत फाइलला लागते, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर दोन्ही नावं एकाच माणसाची हे तरी समजतं. आम्हाला खोटी आशा दाखवली नाही, याचं मला फार मोल वाटलं.

पहिलं काम, पूर्ण फाइल मागवायची. नुसता २१४ नाही, सगळी पर्सोनेल फाइल. ती असते मिसुरीत सेंट लुइसला, नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये. इथे माझ्या पोटात गोळा आला कारण मी वाचलं होतं की तिथे मोठी आग लागलेली. १२ जुलै १९७३ ची ती आग, १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या, आणि डुप्लिकेट प्रती केलेल्याच नव्हत्या. अप्पा सुटले १९७२ ला, म्हणजे फाइल तेव्हा तिथे असणारच. पण ऑफिसरनी लगेच सांगितलं की आर्मीच्या ज्या जळाल्या त्या १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० मध्ये सुटलेल्यांच्या, त्यातल्या अंदाजे ८० टक्के, आणि एअर फोर्सच्या २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ मधल्या, त्याही हबर्ड आडनावाच्या पुढच्या, कारण फाइली आडनावाच्या अक्षराने लावलेल्या होत्या. जिवात जीव आला. ज्यांची जळाली त्यांनीही हात टेकू नयेत, पगाराच्या नोंदी आणि इतर ठिकाणचे कागद गोळा करून नोकरीची माहिती परत उभी करतात, वेळ लागतो पण होतं.

फॉर्म भरताना त्यांनी एक गोष्ट केली जी मी केली नव्हती. नावाच्या रकान्यात चुकीचं नाव लिहिलं, म्हणजे ज्या नावाने नोकरी केली ते, आणि बरोबर नाव शेऱ्यात. मी आधी उलटं केलं होतं. फाइल ज्या नावाने लावलीय त्याच नावाने शोधणार ना ते. अप्पांच्या बाबतीत अजून एक बरं होतं, आर्मीने १ जुलै १९६९ पासून जुना सर्व्हिस नंबर बंद करून सोशल सिक्युरिटी नंबरच वापरायला सुरुवात केली, त्यामुळे नंबर जन्मभर एकच.

सात आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं सगळं. भरतीचा फॉर्म, डीडी ४७, त्यावर चोवीस वर्षांच्या अप्पांचं अक्षर, आणि खाली सही परत बरोबर क्रमाने. लसीकरणाचं कार्ड. एक ड्रायव्हिंगचा परवाना. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा लावून एक एक कागद उचलून बघत होत्या, त्यांचं लग्न १९७४ चं, त्यांनी हे काहीच बघितलं नव्हतं. सगळ्या कागदांवर टाइप केलेलं नाव चूक आणि जिथे जिथे अप्पांची सही आहे तिथे बरोबर. एकूण नऊ सह्या निघाल्या.

त्या नऊ सह्या, नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, सोशल सिक्युरिटीची नोंद, आणि एसएससीचं सर्टिफिकेट, असं सगळं लावून डीडी १४९ भरला. हा फॉर्म सैन्याच्या रेकॉर्डमधली चूक दुरुस्त करून मागण्याचा. आर्मीचं बोर्ड वेगळं, नेव्ही आणि मरीन्सचं एक, एअर फोर्सचं वेगळं, कोस्ट गार्डचं वेगळं, आपलं कुठलं ते बघून पाठवायचं. एसएससीच्या सर्टिफिकेटमुळे चूक का झाली ते एका नजरेत कळत होतं, आडनाव पहिलं. सोबत शाळेचा मराठी दाखला पण लावला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून, आणि भाषांतर करणाऱ्याने ते अचूक असल्याचं लिहून सही केलेली. ओरिजनल काही पाठवायचं नाही, कॉपीच. आणि नाव लिहायची आपली पद्धत काय आहे यावर एक पानभर पत्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, दोनदा परत लिहायला लावलं, म्हणाले बोर्डावरच्या माणसाने आयुष्यात मराठी नाव बघितलं नसेल असं धरून लिही.

मुदतीचा प्रश्न होता. कायदा म्हणतो चूक कळल्यापासून ३ वर्षांत अर्ज करा, आणि अप्पांना तर १९७० लाच कळलं होतं. पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड मुदत माफ करू शकतं, त्यासाठी फॉर्ममध्ये कारण लिहायला जागा असते. मी म्हटलं मी लिहिते, तर ऑफिसर म्हणाले नाही, हे त्यांचं त्यांना लिहू द्या. अप्पांनी लिहिलं. सार्जंटला सांगितलं होतं पण पुढे काही झालं नाही हे लिहिलं, वडिलांच्या नावाबद्दल लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की वडिलांचं नाव लावून मी काम केलं त्याचा मला अभिमान आहे, पण आता माझ्या मुलानातवंडांना मी सापडलो पाहिजे. मला ते टाइप करताना थांबावं लागलं मध्येच.

गंमत म्हणजे हे बोर्ड वगैरे १९४६ च्या कायद्याने आली, त्याच्या आधी असली चूक दुरुस्त करायला काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, त्या एका माणसासाठी वेगळं बिल पास करावं लागायचं. ऑफिसरनी हे सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले मग आपलं बरंच बरं चाललंय की.

वेळ लागतो हे धरूनच चला. ९० टक्के अर्ज १० महिन्यांत निकालात काढावेत आणि कुठलाही अर्ज १८ महिन्यांच्या वर जाऊ नये असं कायद्यात आहे. आमचं नऊ महिने आणि थोडे दिवस. मधल्या काळात ऑफिसर दर दोन महिन्यांनी स्वतःहून फोन करायचे, काही नसलं तरी "अजून काही नाही" एवढं सांगायला. येणारा फोन उचलत नाहीत पण स्वतः करतात, हे तेवढंच खरं.

निकाल आला. मंजूर. त्या वेळी केलेल्या इतक्या सह्या आणि त्याच काळातलं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, हे धरून चूक पहिल्या दिवसापासूनची आहे असं मानलं त्यांनी. सहसा नवीन २१४ देत नाहीत बरं का, याने बरेच जण गोंधळतात. एक वेगळा कागद येतो, डीडी २१५, त्यावर रकाना नंबर आणि तो आता कसा वाचायचा एवढंच. अप्पांच्या २१५ वर एकच ओळ होती. जुना २१४ टाकायचा नाही, दोन्ही कायम एकत्र ठेवायचे, कॉपी देताना पण दोन्हीची एकत्र द्यायची, नाहीतर पुढच्या खिडकीवर परत तेच. आणि जुन्या २१४ वर पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर छापलेला असतो, काही काउंटींमध्ये डिस्चार्जचे कागद रेकॉर्डरकडे, म्हणजे काउंटीच्या नोंदणी ऑफिसात, नोंदवले की ते कुणालाही बघता येतात, तर नोंदवायच्या आधी विचारून घ्या.

आत्ता सैन्यात असलेल्या मुलामुलींसाठी एक. सुटायच्या आधी २१४ चा कच्चा मसुदा तपासायला देतात. तेव्हा घरी जायची घाई असते, पण नावाचा रकाना अक्षर अक्षर लावून बघा. ज्यांच्या पासपोर्टवर पूर्ण नाव एकाच रकान्यात होतं आणि व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) पडलं, त्यांनी तर नक्कीच. तिथे पाच मिनिटांत होणारं काम नंतर वर्षभराचं होतं.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. व्हीएचा पहिला क्लेम भरून द्यायला कुणालाच फी घेता येत नाही असा नियमच आहे. काउंटीचं ऑफिस लांब पडत असेल तर अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संस्थांची मान्यता असलेली माणसं पण फुकट मदत करतात.

२१५ घेऊन अप्पांना परत त्या काउंटरवर नेलं, या वेळी दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी दोन्ही कागद बघितले, टाइप केलं आणि आडनावाने हाक मारली, आमच्या आडनावाने, उच्चार थोडा वाकडाच. कानाची मशीन दीड महिन्यात मिळाली. त्याच आठवड्यात ऑफिसरनी अजून एक फॉर्म पुढे केला, ४०-१०००७, म्हणजे नॅशनल सिमेटरीत जागेसाठीची पात्रता आधीच ठरवून ठेवायचा. तिथे अस्थींसाठीही जागा असते. मला वाटलं अप्पांना आवडणार नाही हे बोलणं. त्यांनी शांतपणे फॉर्म ओढून घेतला, पेन उघडलं, आणि नावाच्या रकान्यावर जरा थांबले. मग मला विचारलं, "सूनबाई, दगडावर मधलं नाव पूर्ण कोरतात का, की नुसतं अक्षर?" ऑफिसर म्हणाले पूर्ण मागता येतं. अप्पांनी वडिलांचं नाव पूर्ण लिहिलं, मोठ्या अक्षरात, मधल्या रकान्यात.